रिकामा भाग

शब्द सुचवायचा नाही, हे डॉक्टरांनी बोट वर करून सांगितलं होतं. मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका, हे तर सगळेच सांगतात. पण हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"बाईंना सगळं समजतंय," ते म्हणाले. "काय बोलायचं तेही आत तयार आहे. गुठळीमुळे त्या शब्दापर्यंत जायचा रस्ता तेवढा खचलाय. मेंदू आता शेजारून दुसरी पायवाट पाडील. पण पायवाट चालल्यानेच पडते. त्या अडल्या की थांबा. मिनिट लागू दे, पाच मिनिटं लागू देत. तुम्ही शब्द हातात दिलात की त्यांचं चालणं थांबलंच म्हणून समजा. पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे."

मला हसू फुटलं. डॉक्टर चमकले. अशा वेळी हसणारा माणूस कोण, असं त्यांना वाटलं असणार. पण खाटेवर पडलेल्या ज्या तोडकरबाईंबद्दल हे चाललं होतं, त्यांनी हीच गोष्ट आयुष्यभर आम्हाला सांगितली होती, आणि तेही मेंदूचा एकही फोटो न काढता.

मी दिगंबर सुतार. माण तालुक्यातल्या हिंगणवाडीच्या शाळेत मी बाईंबरोबर सतरा वर्षं काढली. दोनच शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. आज वैजयंता तोडकर नावाच्या बाईंना बोलता येत नाही, यात गुठळीचा दोष निम्मा आहे. उरलेला निम्मा माझा. हे मी कधी चारचौघांत सांगितलेलं नाही.

बाईंच्या वर्गात मुठीची पद्धत होती. पाढे म्हणताना एखादं पोर अडलं की कुणी सांगायचं नाही. उत्तर माहीत असेल त्याने मूठ मिटायची, तोंड उघडायचं नाही. मग वर्ग गप्प. एकदा कोमल नावाची पोर तेरा सातीवर अडली. दहा मुठी मिटलेल्या, आणि ती त्या मुठींकडे बघतेय. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर येऊन गेला. मी दारात उभा राहून घड्याळात बघत होतो; चोपन्न सेकंद झाले. बाई एवढंच म्हणाल्या, "घाई नाही गं. बघ अजून." आणि मग कोमल ओरडली, "एक्याण्णव!" तशा सगळ्या मुठी एकदम उघडल्या.

"दिलेलं उत्तर पोराचं नसतंय सर," बाई नंतर मला म्हणाल्या. "ते आपलंच राहतंय. त्यानं शोधलेलं त्याचं."

खरं सांगतो, मला हे सगळं फार कंटाळवाणं वाटायचं. सांगून टाकावं आणि चहाला सुटावं, असा माझा स्वभाव. पण त्यांच्या वर्गातली पोरं पाचवीला बाहेरगावी गेली की तिथले शिक्षक विचारायचे, ही कुठल्या शाळेतून आली? हे मी कानांनी ऐकलंय.

पटसंख्या अकरावर आली, त्या साली म्हणजे २०३१ मध्ये पोरांना शिकवणारं यंत्र बनवणारी एक कंपनी आमच्याकडे आली. तसं बघितलं तर शाळा बंद व्हायचीच होती. बंद झाली असती तर त्या अकरा पोरांना हमरस्ता ओलांडून चार किलोमीटर जावं लागलं असतं. त्यांत बाईंची स्वतःची सात वर्षांची ईश्वरीही होती. कंपनीचा प्रयोग मिळाला तर शाळा चालू राहणार होती. बाईंनी विचार करायला एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाल्या.

यंत्र साधं होतं. कानामागे बसणारा एक पातळ पट्टा. त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड कवटीतून आत जातो आणि परत येतो. मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावतंय ते त्यावरून कळतं. आपण एखादी गोष्ट आठवायला लागलो की रक्ताची ठरावीक लहर उठते, आणि ती सापडत नसली की लहर बदलते. पोराला स्वतःला 'आपण अडलो' हे कळायच्या आधीच पट्ट्याला ते कळतं. मग तो कानात हळूच धागा देतो. पूर्ण उत्तर नाही, नुसता धागा. कधी द्यायचा, किती द्यायचा, कुठल्या सुरात, हे मात्र यंत्राला कुणा चांगल्या शिक्षकाकडून शिकावं लागतं.

"जुनी शिकवण्याची हातोटी आणि नवं यंत्र," कंपनीचा निहार नावाचा तरुण म्हणाला. "दोन्हीचा संगम. आम्हाला बाईंचा वर्ग जसाच्या तसा हवाय."

पोरगा प्रामाणिक होता. आजही मी त्याला दोष देत नाही.

चार महिने बाईंचा वर्ग रेकॉर्ड झाला. पोरांच्या कानामागे पट्टे, बाईंच्या पदराला माईक. आवाज आणि मेंदूच्या नोंदी एकाच फाईलमध्ये जायच्या. ती फाईल साफ करून पाठवायचं काम माझ्याकडे, कारण मी तालुक्यात 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून मिरवत होतो. आणि तंत्रस्नेही म्हणजे काय, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचो. अक्षता पडल्या की वाजंत्री, वाजंत्री झाली की जेवणाची पंगत, मधलं मोकळं सगळं उडवायचं. नाही उडवलं तर वरबाप ओरडतो. ती सवय हातात पक्की बसलेली.

कंपनीच्या सूचनापत्रात सातवी सूचना होती: 'पाठवण्यापूर्वी रिकामा भाग काढून टाकावा.' त्यांना म्हणायचं होतं मधली सुट्टी, वर्ग सुरू होण्याआधीचा गोंगाट. गावात रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीवर. फाईल मोठी असली की तासन् तास उन्हात टाकीवर बसावं लागायचं. मी सॉफ्टवेअरला सांगितलं, जिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त कुणी बोलत नाही तो भाग काप. एक बटण. फाईल निम्म्यावर आली.

चार महिन्यांचं बाईंचं थांबणं मी असं कापून काढलं. मला वाटलं, रिकामंच तर आहे.

शेवटी आवाजाच्या नमुन्यासाठी आम्ही पुण्याला गेलो. काचेच्या खोलीत बाईंना तीनशे वाक्यं वाचायची होती. दोनशे सत्त्याऐंशी वाचून त्या थांबल्या.

"हे मी न्हाई म्हणणार," त्या म्हणाल्या.

वाक्य होतं, 'असू दे, पुढे चल.' दोनदा धागा देऊनही पोराला येत नसेल तर यंत्राने हे म्हणायचं, म्हणजे पोर नाराज होत नाही.

"मी वर्गात हे कधी म्हणत नाही सर. असू दे म्हणायचं म्हणजे त्या पोराला सोडून द्यायचं."

आमची परतीची बस साडेचारची होती. "म्हणा हो बाई," मी म्हणालो. "एकच तर वाक्य आहे. कोण ऐकतंय?"

त्यांनी म्हटलं. चांगलं म्हटलं. आवाजच त्यांचा तसा होता, मायेचा.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. शाळा वाचली. पट अकराचा चाळीस झाला. शेजारच्या वाड्यांमधून पोरं यायला लागली. पोरांनी त्या पट्ट्याला 'बाई' म्हणायला सुरुवात केली. "गुरुजी, माझी बाई चार्ज न्हाई," असं एकाने मला गंभीरपणे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. तीसपर्यंतचे पाढे, कविता, नद्या, सगळं धडाधड. हळूहळू तोच पट्टा राज्यभर गेला, बाईंच्या आवाजासकट. मुठी मिटायचं कारणच उरलं नाही. कुणी अडतच नव्हतं.

दोन वर्षांनी एका शनिवारी बाईंनी वर्गाला पट्टे काढायला लावले. मी दारात होतो.

"ईश्वरी, तेरा साती?"

ईश्वरी उभी राहिली. वर्गात तिला आई म्हणायची परवानगी नव्हती. तीन सेकंद गेले, चार गेले. तिचा हात कानामागे गेला, तिथे काही नव्हतं. पाचव्या सेकंदाला तिचा चेहरा पांढरा पडला. मी पोरांना घाबरलेलं बघितलंय, साप निघाल्यावरही बघितलंय. हे तसंच होतं. ती "आई, आई" म्हणत ओकली. आणि मूठ एकाचीही मिटलेली नव्हती. सगळ्यांचे हात आपापल्या कानामागे होते.

बाईंनी त्याच दिवशी माझ्या फोनवरून निहारला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, शोधायची सवय नसली की मेंदूला ते अडणंच धोक्यासारखं वाटू शकतं, हे आम्ही तपासतोय. पण यंत्र वेळ तुमचीच पाळतं. चारशे तासांच्या नोंदी आहेत. तुम्ही पोराला सरासरी दोन पूर्णांक चार सेकंद देता. तीन सेकंदांच्या पुढे तुम्ही एकदाही थांबलेला नाहीत."

"मी?" बाई म्हणाल्या. "दोन सेकंद?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग त्यांनी मला विचारलं, "सुतार सर, तुम्ही दारात असायचा. खरं सांगा. मी थांबायचे का हो?"

त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण नोंदी सदोष आहेत असं कळलं असतं तर प्रयोग रद्द झाला असता, आणि शाळाही गेली असती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की माझं नाव तेव्हा जिल्ह्याच्या पुरस्काराच्या यादीत होतं.

"थांबायचा की," मी म्हणालो. "पण इतकं काही नाही. आपल्याला वाटतं जास्त थांबलो."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून बाई घड्याळ बघून शिकवायला लागल्या. स्वतःवरचा विश्वास उडालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितला. पुढे त्या पोरांना मधूनमधून पट्टे काढायला लावत, पालक तक्रार करत, आणि त्या "माझंच चुकत असेल" म्हणून गप्प बसत. पुरस्कार मला मिळाला. ती शाल अजून ट्रंकेत आहे.

आता २०४५. बाईंना झटका आला तो मार्गशीर्षात, सकाळी तुळशीला पाणी घालताना. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. नवरा आधीच वारलेला. ईश्वरी एकवीस वर्षांची, घरूनच काम करणारी. आईसाठी तिने काय काय केलं ते मी बघितलंय. जेवण भरवणं, अंग पुसणं, कशालाच नाक मुरडलं नाही. फक्त एक गोष्ट तिला जमत नव्हती.

"पा..." बाई म्हणायच्या. ओठ हलायचे, डोळे वर जायचे.

"पाणी! पाणी पाहिजे, आई?"

"ईशू, थांबायचं सांगितलंय ना," मी म्हणायचो.

"कळतंय काका. पण माझ्या छातीत धडधडतं. खरंच. मला बघवत नाही."

तिला नावं ठेवून काय उपयोग? दवाखान्यातून स्पीच थेरपीसाठी सानिका नावाची मुलगी यायची, ती पंचवीस वर्षांची. "सुचवायचं नाही हं," असं घरच्यांना बजावायची, आणि पाचव्या सेकंदाला स्वतःच शब्द सांगून टाकायची. तिला ते कळायचंही नाही. मी तिला विचारलं, शाळेत पट्टा होता का? "हो, आमची 'बाई' होती की," ती म्हणाली. ती त्या आवाजाच्या खऱ्या मालकिणीसमोर बसली होती, पण बाईंना आता आवाजच उरला नव्हता, त्यामुळे सानिकाने त्यांना ओळखायचं काही कारण नव्हतं.

मग मी रोज दुपारी जायला लागलो. माझ्या वयाची माणसं तेवढी थांबू शकतात, आणि माझ्यावर तर चारशे तासांचं थांबणं देणं होतं. मी समोर बसायचो, मूठ मिटायचो आणि गप्प राहायचो. पहिल्या दिवशी बाईंनी त्या मुठीकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना आठवलं होतं. 'पाणी' यायला एक मिनिट दहा सेकंद लागले. आठवड्याने चाळीस सेकंद. मग 'ऊन' आला. मग 'ईशू' आला, तेव्हा ईश्वरी स्वयंपाकघरातून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. दीड महिन्यात नऊ शब्द झाले. नऊच, पण कमावलेले.

आणि मग दवाखान्याच्या थेरपी विभागाने पट्टा दिला.

तेच यंत्र, आता रुग्णांसाठी. समोरच्याने काय विचारलं, घरात कोण आहे, काय चाललंय, यावरून तो ठरवतो की या माणसाला काय म्हणायचं असणार, आणि ते कानात सांगतो. माणसाने नुसतं मागून म्हणायचं. आणि आवाज? कंपनीकडे सगळ्यांत विश्वासाचा आवाज एकच होता.

"काका, आईला आईचाच आवाज मिळाला," ईश्वरी म्हणाली.

आठ दिवसांत बाई वाक्यं बोलायला लागल्या. "चहा घ्या." "आज गार आहे." "बरी आहे मी." गल्लीतल्या बाया बघायला आल्या, कुणी नारळ फोडला. मी एकदा पट्टा चार्जिंगला लावलेला असताना गेलो आणि मूठ मिटून बसलो. 'पाणी'सुद्धा आला नाही. बाईंनी प्रयत्नच केला नाही. त्या कानाकडे हात नेऊन वाट बघत राहिल्या. डॉक्टरांकडे गेलो तर ते ईश्वरीकडे बघून म्हणाले, "पट्टा लावायच्या आधी मला विचारायला हवं होतं." पण मुलगी इतकी खुश होती की पट्टा काढा असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. ज्येष्ठात सहा महिने पूर्ण होणार होते.

त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी ईश्वरी औषधं आणायला गेली. मी बाईंच्या कानामागचा पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. त्या घाबरल्या. मी त्यांचा डावा हात धरला.

"बाई, तुम्ही थांबायचा," मी म्हणालो. "चोपन्न सेकंद थांबायचा, कधी दोन दोन मिनिटं थांबायचा. ते मी कापलं. फाईल लवकर जावी म्हणून कापलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. बारा वर्षं तुम्ही स्वतःला चुकीचं समजत राहिलात, आणि मी बघत राहिलो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. सगळं समजलं होतं त्यांना. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आत सगळं तयार असतं.

मी हात सोडला आणि मूठ मिटली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. थुंकल्या असत्या तरी चाललं असतं. मला फक्त त्यांचं, त्यांनी शोधलेलं, एक उत्तर हवं होतं.

त्यांचे ओठ हलले. डोळे वर गेले, कितीतरी दिवसांनी. त्या शोधत होत्या. एक मिनिट झालं. दोन झाली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. आणि त्यांचा डावा हात चादरीवर हळूहळू मिटला. त्यांनीही मूठ मिटली होती. उत्तर त्यांना माहीत होतं.

"तु..." त्या म्हणाल्या. "तुम्..."

दार उघडलं. ईश्वरीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काका! पट्टा कुणी काढला?"

"ईशू, थांब. दोन मिनिटं. पाया पडतो तुझ्या, दोनच मिनिटं."

"तिला त्रास होतोय, दिसत नाही का तुम्हाला?" ती टेबलाकडे धावली. तिचा चेहरा तसाच पांढरा पडला होता, जसा त्या शनिवारी वर्गात पडला होता. मी उठून तिला अडवायला हवं होतं. पण तिला हे भय कुणी दिलं ते मला माहीत होतं, आणि मी जागचा उठलो नाही. तिने पट्टा आईच्या कानामागे बसवला. छोटा हिरवा दिवा लागला.

बाईंचा चेहरा सैल झाला. डोळे खाली आले. आणि त्या स्वच्छ, मायेच्या आवाजात, कुठेही न अडखळता म्हणाल्या, "असू दे. पुढे चल."

"बघा," ईश्वरी डोळे पुसत म्हणाली. "आई रागावलेली नाही."

सतरा वर्षांत बाईंनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. चादरीवर त्यांची डावी मूठ तशीच होती, घट्ट मिटलेली. ईश्वरीने चहा केला, मी तो प्यालो, ऊन भिंतीवरून उतरलं. मी निघेपर्यंत ती मूठ उघडली नाही.